रोजचे ताट (लेखांक ५) : मिठाच्या पिशवीवर तारीख लिहा

गेल्या आठवड्यात तेलाचा हिशेब मांडला, आज मिठाचा. तेल ओतताना निदान दिसते. मीठ चिमटीने पडते आणि किती पडले ते कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणूनच "आमच्याकडे मीठ कमीच लागतं" हे वाक्य रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या घरांतही ठामपणे ऐकू येते.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. रोज चमचे मोजत बसणे कुणालाच जमणार नाही. त्यापेक्षा एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी. घरात चार मोठी माणसे असतील तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे ती पिशवी ५० दिवस पुरली पाहिजे. महिन्यातच संपली तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर मीठ लागले. लोणच्याच्या दिवसांत हा हिशेब बिघडतो, म्हणून कैऱ्या-मिरच्यांसाठी वेगळी पिशवी घ्यावी.

पण ५० दिवस भरले म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण विकतच्या पदार्थांतले मीठ या पिशवीत नसते. फरसाण, वेफर्स, पाव, सॉस, झटपट नूडल्स हे सगळे वेगळेच. पापडाकडे तर नीट पाहायला हवे. उडदाच्या पापडात मीठ असतेच, वर पापडखार असतो, आणि तोही सोडियमचाच क्षार. ढोकळ्यातल्या सोड्याचेही तेच. जीभ खारटपणा ओळखते, सोडियम ओळखत नाही. शरीराला मात्र ते कुठून आले याने काही फरक पडत नाही: सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि वर्षानुवर्षे हेच चालले की हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे त्याची किंमत मोजतात. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेले असते. त्याला अडीचने गुणले की साधारण मिठाचा आकडा मिळतो. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते २ ग्रॅम मीठ झाले.

सैंधव किंवा गुलाबी मीठ वापरले की काळजी मिटली, असे मानणारे पुष्कळ भेटतात. तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. शिवाय त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते, आणि आपल्याला आयोडीनची गरज आहे. म्हणूनच आयोडीनविरहित मीठ थेट खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशात बंदी आहे. मीठ कमी करा, पण जे खाल ते आयोडीनयुक्तच असू द्या. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते. ते अनेकांना उपयोगी पडते, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

मग घरात सुरुवात कुठून करायची? कणकेपासून. बहुतेक घरांत भाकरीच्या पिठात मीठ नसते आणि तिची चव कुणाला उणी वाटत नाही. मग पोळीलाच का हवे? भाताच्या पाण्यातलेही सहज सुटते, कारण वर आमटी येणारच असते. ताकाला जिरेपूड आणि आले पुरे. कोशिंबिरीत लिंबू पिळून, दाण्याचे कूट घालून आधी चव बघावी. मग मीठ निम्मेच लागते. आमटीत आमसूल असेल तर तिथेही हात आखडता घेता येतो. ही कपात एकदम करू नये. अचानक अळणी जेवण वाढले तर घरातले वरून मीठ घेतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. दर आठवड्याला थोडे थोडे कमी केले तर काही आठवड्यांत जीभ रुळते आणि पूर्वीची भाजी खारट लागू लागते. लहान मुलांच्या बाबतीत तर माझे मत ठाम आहे: त्यांच्या ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवूच नये.

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. तुम्ही तिशी ओलांडली असेल आणि गेल्या वर्षभरात तो मोजलेला नसेल, तर या आठवड्यात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन मोजून घ्या. घरातल्या थोरांनाही सोबत न्या.