वरून गळतं, खाली दिसतं

जुन्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला की माणूस पाना घेतो आणि आधी खालचे बोल्ट आवळायला लागतो. इंजिनात बहुतेक वेळा दोष वर असतो. टॅपेट कव्हरमधून ऑइल पाझरतं, ब्लॉकवरून ओघळतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं आणि चेंबरच्या काठाला जमून तिथून ठिबकतं. त्यामुळे गळती काढण्याचं निम्म्याहून जास्त काम म्हणजे ती नेमकी कुठून होते ते शोधणं.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत आमच्या दारात मारुती ८०० आहे. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन. हे मॉडेल १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलं आणि २०१४ च्या जानेवारीत बंद झालं, म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली. आमच्या गाडीची पंधरा वर्षं कधीच भरली. पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय. या वयात रबर कडक होणारच. इंजिनाच्या तापात वर्षानुवर्षं भाजलेलं पॅकिंग नखाने दाबलं तर खूण उमटत नाही, आणि वाकवलं तर बिस्किटासारखं तुटतं.

शोध सुरू होतो धुण्यापासून. इंजिन पूर्ण गार पाहिजे. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. मग डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने जुना चिकटा सोडवायचा आणि चिंध्यांनी कोरडं पुसून काढायचं. बोल्टांच्या खाचा, कव्हरची खालची कड, फिल्टरच्या मागची अडचण, सगळं. डिझेल उडून गेल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. इंजिन वाळलं की पिशव्या काढायच्या, बेल्ट सोडून बाकी ठिकाणी अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरायची आणि गाडी सरमकुंडी फाट्यापर्यंत फिरवून आणायची.

परत आल्यावर बॉनेट उघडून बॅटरी मारली की सगळं समोर दिसतं. कोरड्या पावडरीत तांबूस रेघ उमटलेली असते. तिचं खालचं टोक सोडून द्यायचं आणि ती जिथून निघते ते वरचं टोक धरायचं. आमच्या गाडीत ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघाली होती, आणि खाली पार चेंबरपर्यंत गेली होती. नुसतं खालून पाहणाऱ्याने चेंबरच खोललं असतं.

कव्हरचं पॅकिंग बार्शीहून आणलं. या कामाला ऑइल काढावं लागत नाही, गाडीखाली झोपावंही लागत नाही. कव्हर उचललं की जुन्या पॅकिंगचे तुकडे हेडला चिकटलेले दिसतात. हेड अॅल्युमिनियमचं असल्यामुळे स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर चरा पडतो आणि पुढे त्याच चऱ्यातून ऑइल झिरपतं. प्लास्टिकची पट्टी बरी. तुकडे आत पडू नयेत म्हणून कॅमशाफ्टवर स्वच्छ फडकं टाकायचं आणि नंतर ते आठवणीने काढायचं. सिलिकॉन लागलंच तर कोपऱ्यांपुरतं, तेही बोटभर नव्हे. जास्तीचं आत पिळलं जातं, सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं.

बोल्टही थोडे थोडे, आलटून पालटून बसवायचे. पत्र्याचं कव्हर जोर लावला की वाकतं आणि बोल्टांच्या मधल्या जागेत फट पडते. “मामा, आवळू नका, नुसतं बसवा,” असं स्टँडजवळचे मिस्त्री सांगतात ते याचसाठी.

तरीही नवं पॅकिंग लवकर ओलं झालं तर ब्रीदरची नळी पाहावी. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस नेहमीच खाली उतरतो आणि तो याच नळीने बाहेर पडतो. नळी काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि जे सील कच्चं असेल तिथून ऑइल बाहेर पडतं. पॅकिंगवर पॅकिंग बदलणारे खूप भेटतात, नळी काढून साफ करणारे कमी. मला तर गळतीच्या कामात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

बाकीची ठिकाणं सोपी. ऑइल प्रेशरचा स्विच वायरीच्या बाजूने पाझरतो, तो बदलायचा. डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग स्वस्तात मिळते. नवा फिल्टर लावूनही गळत असेल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग तिथेच चिकटून राहिली का ते बघायचं. ड्रेन प्लगला नवा वायसर टाकायचा. खाली शिरावं लागलंच तर चाकांना दगड लावायचे आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता भक्कम लाकडी ठोकळे द्यायचे.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकत असेल तर मात्र ते घरचं काम नाही. क्रँकचं मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गॅरेजची वेळ मिळेपर्यंत रोज सकाळी सपाट जागेवर डिपस्टिक पाहावी आणि ऑइल खालच्या खुणेच्या वर ठेवावं. चेंबरमधून काढलेलं काळं ऑइल नालीत ओतू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, असलेलं पाणी नासवणं परवडणारं नाही. कॅनमध्ये भरून ते गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये द्यावं. वापरलेलं ऑइल गोळा करणारे तिथून नेतात.