शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातली रात्र

शॅमेलिऑन पाळणाऱ्यांच्या पिंजऱ्यात आर्द्रतामापक हमखास असतो आणि त्यावरचा आकडा चढा राहावा म्हणून दिवसभर फवारे मारले जातात. शॅमेलिऑन म्हणजे वर्षावनातला प्राणी, तेव्हा त्याला चोवीस तास दमट हवा लागणार, असा त्यामागचा हिशेब. पाळण्यात सर्रास दिसणाऱ्या व्हेल्ड शॅमेलिऑनच्या बाबतीत तरी तो फसतो. ही जात मूळची येमेनची आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य कोपऱ्यातली. तिथल्या डोंगरउतारांवर दिवसा ऊन तापतं, रात्री गारवा येतो आणि धुकं किंवा दव पडतं. ओल किती, यापेक्षा ती केव्हा येते आणि केव्हा ओसरते, याला तिथे जास्त महत्त्व आहे. (आपल्याकडचा शॅमेलिऑन पाळण्याचा प्रश्नच नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. व्हेल्डसारखी परदेशी जात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात येते, त्यामुळे कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनुसार तिची नोंदणी करावी लागते.)

हवेचं गणित ओलीच्या वेळेच्या या मुद्द्याच्या बाजूने आहे. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं. २० अंशांना जेमतेम १७. म्हणून दुपारी ३० अंशांवर ५० टक्के आर्द्रता दाखवणारी हवा, पाण्याचा एक थेंबही न वाढवता, रात्री २० अंशांवर आली की ८८ टक्क्यांच्या घरात जाते; १८च्या आसपास तर दव धरतं. रात्रभर उबेचा दिवा लावणारा माणूस हे फुकटचं दव घालवतो आणि ते भरून काढायला दिवसा फवारा मारतो. उष्ण, ओली आणि कोंदलेली हवा जिवाणूंना व बुरशीला मानवते. श्वसनाचे विकार तिथे बळावतात. जुलैतल्या मुंबईत तर ओल आणायची नसतेच, वारा खेळता ठेवून ती घालवायची असते.

ओल रात्रीच्या गारव्यातूनच मिळत असेल, तर मग पिंजऱ्यात झाडं कशाला? जाळीच्या पिंजऱ्यात चार कुंड्या ठेवल्या तरी मापकावरचा आकडा फारसा हलत नाही, हा आक्षेप खरा आहे. पानांनी सोडलेलं बाष्प जाळीतून निघून जातं. पण झाडाचं काम त्या आकड्यात दिसणारं नाही. वाटीतलं स्थिर पाणी शॅमेलिऑनला सहसा कळतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. दाट पानांच्या आत हवा संथ आणि जरा ओलसर राहते, बाहेरच्या फांदीवर कोरडी. कुठे बसायचं ते प्राणी ठरवतो. भिंतीवर टांगलेल्या मापकाला यातलं काही कळत नाही.

थेंब तर प्लॅस्टिकच्या पानावरही थांबतात, शिवाय ते धुता येतं, असं कुणी म्हणेल. म्हणणं अर्धं बरोबर आहे. मात्र व्हेल्ड शॅमेलिऑन पानंही खातो, आणि पोटात गेलेला प्लॅस्टिकचा तुकडा आतडं अडवू शकतो. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: नर्सरीतल्या रोपावर कीटकनाशक असतं. त्यावर उपाय सावकाशीचा. पानं धुवावीत, माती बदलावी आणि नवी पालवी फुटेपर्यंत रोप पिंजऱ्याबाहेर ठेवावं. जास्वंद, शेफ्लेरा, फायकस बेंजामिना ही चालणारी झाडं. मनी प्लांटच्या चिकात टोचरे स्फटिक असतात. तरी पाळणारे ते बिनधास्त लावतात आणि शॅमेलिऑन कुरतडतोही. पानांवर ताव मारणारा प्राणी असेल तर मात्र जास्वंदच बरी. कण्हेर विषारी, ती जवळही आणू नये.

फवारा उत्तररात्री आणि पहाटे, दिवे लागण्याआधी मारावा. दुपारपर्यंत पानं सुकायला हवीत. चार वाजताही ती ओली दिसली, तर पाणी कमी करावं किंवा पिंजऱ्याची झाकलेली बाजू मोकळी करावी. झाड काढू नये.