घोकलेल्या वाक्यांची परीक्षा

नाशिकच्या इंदिरानगरात, सिडको आणि पाथर्डी फाट्याच्या शेजारात, गेल्या काही वर्षांत इंग्रजीचे एक नवे गिऱ्हाईक तयार झाले आहे. ‘स्पोकन इंग्लिश’च्या क्लासला जाणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकापेक्षा ते वेगळे आहे. त्याला इंग्रजी ‘यायला’ नको आहे, ‘बँड’ हवा आहे. नर्सिंगची पदवी घेतलेली मुलगी, सातपूर-अंबड पट्ट्यातल्या कारखान्यात दोन-तीन वर्षे काढलेला इंजिनिअर, बारावीनंतरच परदेशाचा विचार करणारा विद्यार्थी, अशी ही मंडळी. त्यांच्या तोंडी एकच शब्द असतो : आयईएलटीएस. परीक्षेचे शुल्कच बरेच मोठे असते, आणि निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. अर्धा बँड कमी पडला की पुन्हा पैसे मोजायचे.

बारा-पंधरा वर्षे शाळा-कॉलेजात इंग्रजी शिकलेल्या मुलामुलींना हा अर्धा बँड का अडतो? याचे उत्तर शोधताना आपल्याहून मोठ्या संख्येने आणि आपल्याहून आधी या परीक्षांना भिडलेल्या चिनी विद्यार्थ्यांकडे पाहणे उपयोगी ठरते. त्यांच्या अडचणी काही बाबतींत आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत, पण त्यांनी शोधलेले आडमार्ग आपल्याला फार ओळखीचे वाटतील.

परीक्षेचा वंशवृक्ष

परकीयांचे इंग्रजी मोजण्याची आधुनिक प्रथा केंब्रिजपासून सुरू होते. १९१३ साली तिथे पहिली प्रावीण्य परीक्षा झाली. सुमारे बारा तास चालणाऱ्या त्या परीक्षेत भाषांतर होते, व्याकरण होते, उच्चारशास्त्रही होते. बसले तिघे, आणि उत्तीर्ण कोणीच झाले नाही. अमेरिकेची टोफेल १९६४मध्ये आली. आयईएलटीएस आजच्या नावाने १९८९पासून घेतली जाते.

पण ‘लेखी परीक्षा देऊन वर चढायचे’ ही कल्पना मुळात चीनची. सरकारी अधिकारी निवडण्यासाठी तिथे शतकानुशतके परीक्षा होत असत. ती पद्धत १९०५मध्ये बंद झाली. मिंग आणि छिंग राजवटींत या परीक्षेसाठी आठ भागांचा निबंध लिहावा लागे. कोणत्या भागात काय यावे, कुठे समतोल वाक्यांच्या जोड्या याव्यात, हे सारे ठरलेले. विचार परीक्षार्थीचा असो वा नसो, साचा चुकता कामा नये. ब्रिटिशांनी सनदी नोकरीसाठी १८५५मध्ये स्पर्धा परीक्षा सुरू केली तेव्हा चीनचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होते, असे काही इतिहासकारांचे मत आहे.

पाठोपाठ १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९च्या पहिल्या मॅट्रिकमध्ये उत्तीर्ण झालेल्यांत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते. म्हणजे परक्या भाषेत परीक्षा देऊन आयुष्य बदलण्याचा या जिल्ह्याचा अनुभव दीडशे वर्षांहून जुना आहे. मात्र इंग्रजीतून सगळे शिकलेल्या रानड्यांनी पुढे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला जागा मिळावी म्हणून खटपट केली, हेही लक्षात ठेवावे. त्याचे कारण लेखाच्या शेवटी येईल.

पाठ फिरवून पाठ म्हणणे

चिनी भाषेत ‘पाठ करणे’ यासाठी जे क्रियापद आहे, त्याचा दुसरा अर्थ ‘पाठ’ म्हणजे शरीराचा मागचा भाग. जुन्या शाळेत मुलगा गुरुजींकडे पाठ करून उभा राही आणि धडा घडाघडा म्हणे. मराठीतही ‘पाठ’ या शब्दाला हे दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत. शब्दांची व्युत्पत्ती निराळी असली, तरी शिक्षणाची तऱ्हा एकच. आपण पाढे, परवचा आणि स्तोत्रे अशीच पाठ केली. आधी मुखोद्गत, मग कधीतरी अर्थ.

याला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. शब्दसंग्रह पाठांतराशिवाय वाढत नाही. अडचण येते ती पाठ केलेला मजकूर स्वतःचे बोलणे म्हणून खपवू पाहिला की. चीनमध्ये १९८७पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी इंग्रजी परीक्षा सुरू झाली. लाखो मुले वाचनात आणि व्याकरणात तरबेज झाली, पण बोलायची वेळ आली की गप्प. या प्रकाराला तिथे ‘मुके इंग्रजी’ असे नाव पडले. त्यावर उतारा म्हणून ली यांग या शिक्षकाने मैदानात हजारोंना जमवून इंग्रजी वाक्ये ओरडून घेण्याचा ‘वेडे इंग्रजी’ हा प्रयोग लोकप्रिय केला. भीड चेपली, पण ओरडायची वाक्येही पाठच केलेली होती.

पुढची पायरी म्हणजे ‘जीचिंग’. संगणकावरची परीक्षा देऊन आलेले विद्यार्थी आठवतील ते प्रश्न लिहून काढत आणि त्यांचे संग्रह हातोहात फिरत. या शब्दातले दुसरे अक्षर धर्मग्रंथासाठीही वापरले जाते. परीक्षार्थींच्या लेखी त्या संग्रहांचे मोल जवळपास तसेच होते. या प्रकारामुळे २००२मध्ये जीआरई ही परीक्षा घेणाऱ्या अमेरिकी संस्थेने चीनसह पूर्व आशियातल्या काही ठिकाणी संगणकीय परीक्षा थांबवून पुन्हा कागदी परीक्षा आणली. काहींनी काढलेल्या आडवाटेचा भुर्दंड सरळ वाटेने जाणाऱ्यांनाही बसला.

आपल्याकडची ‘अपेक्षित प्रश्नसंच’ आणि ‘गाइड’ यांची परंपरा आठवली, तर हसू येण्याऐवजी आपलीच ओळख पटते. दहावीला पाठ केलेला निबंध चालून गेला, म्हणून इथेही चालेल, अशी समजूत घेऊन मुले येतात. पण आयईएलटीएसच्या गुणदानाच्या निकषांत पाठ केलेल्या उत्तराचा स्पष्ट विचार केलेला आहे. संभाषणाची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. पहिल्या भागात घर, काम, आवडीनिवडी. दुसऱ्यात एक विषय देऊन एक मिनिट विचाराला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला. तिसऱ्यात त्याच विषयाला धरून परीक्षक ‘असे का वाटते?’, ‘पूर्वी कसे होते?’ असे विचारत जातो. पाठ केलेले दोन मिनिटांचे भाषण खणखणीत आणि पुढचे उत्तर अडखळत, असे झाले की शिलाई उसवते.

चिनी मूल, मराठी मूल

भाषांच्या अंगाने पाहिले, तर दोघांच्या अडचणी कुठे सारख्या आणि कुठे वेगळ्या आहेत हे नेमके सांगता येते. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही आणि नामाला सहसा अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. त्यामुळे ‘काल गेलो’ आणि ‘रोज जातो’ यांतला इंग्रजी फरक चिनी विद्यार्थ्याला जाणीवपूर्वक सांभाळावा लागतो. मराठी मुलाला काळ आणि वचन घरूनच मिळालेले असतात. पण ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही इंग्रजी उपपदे दोघांच्याही भाषेत नाहीत. ‘पुस्तक टेबलावर आहे’ या वाक्यात कुठलेसे पुस्तक की आपल्या बोलण्यातले, हे मराठी माणूस संदर्भाने ओळखतो. इंग्रजीला ते दरवेळी शब्दाने सांगावे लागते.

दुसरे साम्य फारसे कोणी लक्षात आणून देत नाही. ‘काल आलेला माणूस’ असे मराठी म्हणते. चिनी भाषेतही ‘काल आलेला’ हा भाग माणसाच्या आधी येतो. इंग्रजीत माणूस आधी आणि त्याचे लांबलचक वर्णन नंतर. वाचनाच्या पेपरात साठ मिनिटांत चाळीस प्रश्न सोडवताना, नामानंतर शेपटासारखे लांबत जाणारे वाक्य दोघांनाही दमवते. रोज अशी पाच वाक्ये घेऊन मूळ कर्ता आणि मूळ क्रियापद अधोरेखित करणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

उच्चारात मात्र मराठीने आपल्याला बरेच काही दिले आहे. ‘स्त्री’, ‘स्नान’, ‘प्रत्यक्ष’ म्हणणाऱ्या जिभेला इंग्रजी जोडव्यंजने जड जात नाहीत. चिनी जिभेला जातात. ‘जहाज’मधला दंत्य ‘ज’ आपल्याला ‘झू’ आणि ‘झीरो’च्या जवळ नेतो. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ लिहिण्यासाठी आपण लिपीत चिन्हेच घेतली आहेत. घोटाळा होतो तो आघाताचा. मराठीत सगळी अक्षरे साधारण सारख्या जोराने उच्चारली जातात. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. इंग्लिश किंवा अमेरिकी ढब आणण्याची गरज नाही; बोलणे सहज कळावे, एवढीच अपेक्षा असते. ढब उसनी घेण्यात घालवलेला वेळ आघातावर घालवला तर अधिक फळ देतो.

अर्ध्या बँडचे गणित

आयईएलटीएसची प्रसिद्ध होणारी सरासरी पाहिली, तर चिनी परीक्षार्थी वाचनात पुढे आणि बोलण्या-लिहिण्यात मागे दिसतात. भारतीयांचे पाणी मुख्यतः लेखनात अडते. याचा एकूण निकालावर काय परिणाम होतो, ते आकड्यांत पाहू. समजा श्रवण ६.५, वाचन ६.५, संभाषण ६ आणि लेखन ५.५. बेरीज २४.५, सरासरी ६.१२५, निकाल लागतो ६. लेखनात फक्त अर्धा बँड वाढला, तर बेरीज २५ आणि सरासरी ६.२५. पाव आला की तो वरच्या अर्ध्याकडे ढकलतात, म्हणून निकाल ६.५. एका पेपरातला अर्धा बँड एकूण अर्धा बँड ओढून आणतो. शिवाय काही ठिकाणी सरासरी पुरत नाही. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी वाचन, श्रवण आणि संभाषणात प्रत्येकी ७ लागतात. लेखनाची अट २०१८मध्ये ७वरून ६.५वर आणली गेली. तो अर्धा बँड कमी होणे हे अनेकींसाठी दार उघडणे होते.

लेखनात दोन प्रश्न असतात. पहिल्याला किमान दीडशे शब्द, दुसऱ्याला अडीचशे. दुसऱ्याचे वजन दुप्पट. तरी अनेकजण तासातला निम्म्याहून अधिक वेळ पहिल्यावर घालवतात. दुसऱ्या प्रश्नात एखादे मत देऊन ‘तुम्ही किती सहमत आहात?’ असे विचारतात. आपल्या शालेय निबंधाची घडण वेगळी : सुरुवातीला सुभाषित, मग विषयाची थोरवी, दोन्ही बाजूंचा गौरव आणि शेवटी सदिच्छा. चिनी परंपरेतही प्रारंभ, विस्तार, वळण आणि समारोप असा क्रम आहे. तिथे मुख्य मुद्दा उशिरा येऊ शकतो. रॉबर्ट कॅप्लन या अभ्यासकाने १९६६मध्ये निरनिराळ्या संस्कृतींच्या निबंधांना निरनिराळे आकार असतात असे मांडले. त्यांच्या वर्गीकरणावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती. संस्कृती म्हणजे एकच रेघ नव्हे. पण परीक्षार्थीसाठी त्यातला व्यवहारी बोध उरतोच : इथे आपले मत पहिल्या परिच्छेदात सांगा आणि प्रत्येक परिच्छेदात एकच कारण उदाहरणासह द्या.

क्लासमध्ये मिळणारा ‘साचा’ इथेच फसवतो. ‘आजच्या आधुनिक युगात हा ज्वलंत विषय आहे’ या अर्थाचे भारदस्त इंग्रजी वाक्य शंभर जणांनी लिहिले, तर परीक्षकाला लिहिणारा दिसतच नाही. आठ भागांच्या निबंधाची ही नवी आवृत्ती झाली.

मग तयारी कशी?

पहिले काम, परीक्षेची तयारी आणि भाषेची तयारी वेगळी करणे. प्रश्नांचे प्रकार, वेळेची वाटणी, उत्तरपत्रिका यांची ओळख काही आठवड्यांत होते. त्यासाठी क्लास उपयोगी. भाषा मात्र हळूहळू चढते. तारीख आधी आणि तयारी नंतर, हा उलटा क्रम टाळावा. दोन-तीन पूर्ण सराव-पेपर घड्याळ लावून सोडवावेत. चाळीसपैकी साधारण तीस उत्तरे बरोबर आली की वाचन आणि श्रवण सातच्या आसपास पोहोचते, हा चांगला मापदंड आहे.

दुसरे, पाठांतराची जागा बदलणे. आख्खी उत्तरे पाठ करू नयेत, शब्दांच्या जोड्या कराव्यात : निर्णयाबरोबर कोणते क्रियापद, कारणाबरोबर कोणते अव्यय. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीकडे हे होते. ते नियम आणि उदाहरण जोडीने शिकत आणि लगेच नवे वाक्य स्वतः करत. आजही मराठी परिच्छेद इंग्रजीत करून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मराठीत आणून पाहिला, तर उपपदे आणि काळ कुठे निसटले ते कळते.

तिसरे, बोलण्याआधी विचार हवा. ‘तुमच्या शहरात काय बदलले?’ या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर न येणारी मुलगी अनेकदा मराठीतही दोन वाक्यांपुढे जात नाही. तिला इंग्रजी शब्दांआधी मुद्दे हवे असतात. गोदाकाठ, द्राक्षबागा, उड्डाणपूल, कुंभमेळ्याची गर्दी यांविषयी घरात मराठीत चर्चा झाली, कारण विचारले गेले, कोणी प्रतिवाद केला, तर तिसऱ्या भागाची निम्मी तयारी जेवणाच्या ताटावरच होते. इंग्रजी न येणारे आजी-आजोबाही इथे उत्तम परीक्षक ठरतात.

महाराष्ट्राने २०००मध्ये पहिलीपासून इंग्रजी आणले. चीनने २००१मध्ये तिसरीपासून आणण्याचे ठरवले. दोन्हीकडे इंग्रजीची वर्षे वाढली, पण ‘तुला काय वाटते?’ हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला गेला. परीक्षेच्या खोलीत अनोळखी माणूस तो अचानक विचारतो, तेव्हा पाठ केलेले सारे निरुपयोगी ठरते. रानड्यांना परक्या भाषेत शिकूनही मराठीचा आग्रह धरावासा वाटला, त्याचे मर्म बहुधा हेच असावे. ज्या भाषेत मत बनते, ती भाषा पक्की असेल, तर दुसऱ्या भाषेत ते मांडणे हा सरावाचा प्रश्न उरतो. मतच नसेल, तर कोणताही साचा ते पुरवू शकत नाही.