वांझ म्हटलेली वेल

पावसाळ्याच्या आरंभीं परसाच्या कुंपणावर जी हिरवी जाळी पसरते, तींतील कोणती वेल कशाची, असें विचारल्यास सुशिक्षित घरांतही बहुधा "असेल कसली तरी रानवेल" एवढेंच उत्तर मिळतें. फळ हातीं आल्यावर कारलें कोणतें व कर्टोलें कोणतें हें कोणीही सांगेल. परंतु फळ धरण्यापूर्वीं वेल ओळखणें हीच खरी परीक्षा होय. या परीक्षेंत आम्ही स्वतः एकदां नापास झालों, तें आधीं सांगतों.

आमच्या मातुश्रींनीं माहेराहून कर्टोल्याचा एक कंद आणून विहिरीजवळ लाविला होता. तीन पावसाळे वेल मांडवभर चढली, पिवळ्या फुलांनीं बहरली. फळ मात्र एकही धरलें नाहीं. "वांझ आहे, उपटून टाका," असा वडील मंडळींनीं निकाल दिला. निघंटूंत 'कर्कोटकी' बरोबर 'वन्ध्याकर्कोटकी' हेंही नांव येतें. तें सांगून त्या निकालास आम्हीं शास्त्राधार पुरविला! कंद खणतांना मातुश्रींनीं एवढेंच विचारलें, "अरे, तिचं फूल तरी कुणी नीट पाहिलं आहे का?" कोणींही पाहिलें नव्हतें.

रानकारलें, कर्टोली आणि कडवंची या तिघी सख्ख्या बहिणी. शास्त्रज्ञ त्यांच्या कुळास 'मोमोर्डिका' म्हणतात. हें नांव चावणें या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलें आहे. कारल्याच्या बीची कड कुरतडल्यासारखी दिसते, म्हणून तें योग्यच आहे. या कुळाची वेल ओळखण्यास प्रथम तणावा पाहावा. दोडक्याच्या व पडवळाच्या तणाव्यास फांटे फुटतात. या तिघींचा तणावा सरळ, एकेरी असतो. तोंडलीचाही तणावा एकेरीच, परंतु तिचें फूल पांढरेंशुभ्र असल्यानें घोटाळा होत नाहीं.

पुढें बहिणी-बहिणींतील भेद. कारल्याचें पान पांच-सात ठिकाणीं खोल कातरलेलें. कर्टोलीचें हृदयाकृति, कधीं अखंड, तर कधीं तीन-पांच भागांचें. कडवंचीचें गोलसर, मूत्रपिंडासारखें. कारल्याचें मूळ साधें व वेल एका वर्षाची. कर्टोली व कडवंची यांचा कंद जमिनींत टिकतो व पावसाबरोबर पुन्हां फुटतो. कारल्याचें फूल सकाळीं उमलतें, कर्टोलीचें दिवेलागणीस. कडवंचीचें फळ इवलेंसें व धारदार शिरांचें. कर्टोल्याच्या अंगावर मऊ कांटे.

पोटांत शिरून पाहिल्यास आणखी खुणा सांपडतात. या सर्व वेलींच्या खोडाचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तर पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या आंत व बाहेर अशा दोन्ही बाजूंस अन्नरस वाहणाऱ्या नळ्या दिसतात. ही झाली सर्व घराण्याची खूण. कारल्याच्या पानाच्या त्वचेंत चुनखडीचे सूक्ष्म खडे आढळतात. पेशींतील रंगसूत्रें मोजलीं, तर कारल्यांत तीं २२ व कर्टोलींत २८ भरतात. वरून सारख्या दिसणाऱ्या बहिणींत एवढें अंतर आहे.

आतां मुख्य गोष्ट. कारल्याच्या एकाच वेलीवर नर व मादी अशीं दोन्ही फुलें येतात. कर्टोलीची तऱ्हा निराळी. तिच्यांत नरवेल वेगळी व मादीवेल वेगळी. मादीफुलाच्या पाकळ्यांखालीं कांटेरी इवलेंसें कर्टोलें आधींच बसलेलें असतें. नरफुलाखालीं तसें कांहीं नसतें. मात्र छद म्हणजे फुलाखालील लहानसें पान फुलास अगदीं लागून असतें, व कळीस टोपडें घातल्यासारखें दिसतें. कारल्याच्या नरफुलाचा छद देंठाच्या मध्यावर वा त्याखालीं असतो.

पुढें कित्येक वर्षांनीं डॉ. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१–१९०८) चाळतांना हें वाचलें, आणि मांडवावरील तीं टोपडीं घातलेल्या कळ्यांचीं झुबकेदार आठवण झाली. आमची वेल वांझ नव्हती. ती नर होती. निघंटूंतील 'वन्ध्या' म्हणजे अशीच नरवेल, असें कित्येक जाणते मानतात. जन्मभर मुलांस लिंगविचार शिकविणाऱ्या आम्हांस दारच्या वेलीचें लिंग ओळखतां आलें नाहीं! तिच्याजवळ एक मादीवेल लाविली असती, तर मांडव फळांनीं वांकला असता. एकटी मादीवेल असती, तरीही फळ धरलें नसतें. आणि तिलाही आम्हीं वांझच म्हटलें असतें.

यास्तव वाचकांस विनंति अशी कीं, कंद लावितांना फळ धरलेल्या वेलीचा घ्यावा आणि एखादी नरवेलही जवळ असूं द्यावी. आठ-दहा मादीवेलींस एक पुरते. कंदापासून त्याच जातीची वेल उगवते, हें ध्यानांत ठेवावें. संध्याकाळीं नरफुलाचा पराग मादीफुलास हातानें लाविल्यास फळ अधिक खात्रीनें धरतें.

मातुश्री आतां नाहींत. विहिरीजवळ आम्हीं पुन्हां दोन कंद लाविले आहेत. घरांतील मुलें रोज दिवेलागणीस फुलें पाहून येतात. आणि 'वांझ' हा शब्द, वेलीपुरताच नव्हे, आमच्या घरांत आतां कोणी उच्चारीत नाहीं.