औताचे लाकूड आधी वाळवा, मग घडवा



बांधावरची बाभूळ तोडायची आणि आठ दिवसांत सुताराकडून जू, वखर नाहीतर कुऱ्हाडीचा दांडा करून घ्यायचा, अशी घाई पुष्कळ जण करतात. मग उन्हाळ्यात पाचरी ठोकून जीव मेटाकुटीला येतो. ढिल्या दांड्याची कुऱ्हाड निसटली तर पायच जायचा! दोष सुताराचा नव्हे, ओल्या लाकडाचा.

ताज्या लाकडात पाणी भरपूर असते. आधी पोकळ्यांतले पाणी जाते. तेव्हा वजन घटते, पण लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली उतरला की लाकूड आकसू लागते. लांबीत फारसे नाही, पण रुंदीत आणि जाडीत. म्हणून सांधे सैल पडतात.

मग करायचे काय?

१) ओंडका लवकर चिरून घ्या.

२) दोन्ही टोकांना डांबर किंवा शेणमाती लावा. टोकांतून पाणी झपाट्याने जाते, म्हणून तडे तिथेच पडतात.

३) जमिनीपासून वीतभर उंच, सावलीत थप्पी रचा. थरांमध्ये पट्ट्या घाला, वारा खेळू द्या. उन्हात टाकू नका.

४) थप्पीतल्या एका दांड्यावर खूण करा व तोच दर पंधरवड्याला तोला. वजन घटायचे थांबले की लाकूड तयार. पावसाळ्यात मात्र फसू नका, तेव्हा हवाच ओली असते.

जाड लाकडाला वर्ष लागले तरी थांबा. वाळलेले औत पुष्कळ हंगाम साथ देईल.