पॅच उपलब्ध होण्यापूर्वीचे संगणक-संरक्षण

आज्ञावलीतील एखादा दोष तिच्या निर्मात्याला ठाऊक होण्यापूर्वीच हल्लेखोराच्या हाती लागला, तर त्यास ‘झिरो-डे’ म्हणतात. दुरुस्तीसाठी निर्मात्याला शून्य दिवस मिळाले, असा त्याचा अर्थ. अशा वेळी पॅच नसतो आणि हल्ल्याच्या खुणा नोंदलेल्या नसल्याने अँटिव्हायरसही बहुधा निष्प्रभ ठरतो. मग संगणकाचे रक्षण कशाने करावयाचे?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीमुळे मर्स्क या डॅनिश कंपनीची संगणक यंत्रणा कोलमडली आणि त्या समूहाकडे असलेल्या, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील कंटेनर टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. काटेकोरपणे पाहता हा झिरो-डे हल्ला नव्हता. तीत वापरलेला विंडोजमधील दोष मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दुरुस्त केला होता. तरीही हे उदाहरण महत्त्वाचे आहे, कारण पॅच बसविलेले संगणकही यातून सुटले नाहीत. एका संगणकात शिरल्यावर नॉटपेट्या त्याच्या स्मृतीतून प्रशासकाचा परवलीचा शब्द मिळवी आणि शेजारच्या संगणकात रीतसर प्रवेश करी. कुलूप फोडण्याऐवजी किल्लीच पळविण्याचा हा प्रकार. (मूळ शिरकाव तर एका युक्रेनियन हिशेब-आज्ञावलीच्या अधिकृत अपडेटमधून झाला होता!)

तेव्हा पहिला शिरकाव होणारच असे गृहीत धरून त्याचा प्रसार रोखणे, हाच व्यवहार्य मार्ग होय. दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. सर्व संगणकांवर प्रशासकाचा परवलीचा शब्द एकच ठेवण्याची सोय प्रयोगशाळा सहायकाइतकीच हल्लेखोराचीही असते. कार्यालय व प्रयोगशाळा यांची नेटवर्क वेगळी असावीत. एसएमबी-१ सारख्या कालबाह्य सेवा बंद कराव्यात. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी. मर्स्कच्या वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे जगभरचे सर्व्हर नष्ट झाले. घानामधील एक तेवढा वाचला, तो वीज गेल्याने बंद होता म्हणून.

हिंजवडी आयटी पार्कशेजारील मारुंजीसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांतही हा प्रश्न दूरचा नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विस्तारित सेवा न घेतलेल्या संगणकात यापुढे सापडणाऱ्या दोषाला पॅच मिळणारच नाही. असे संगणक प्रात्यक्षिकांसाठी ठेवावयाचे असल्यास त्यांची इंटरनेट जोडणी काढावी आणि परीक्षा विभागाच्या सर्व्हरपर्यंत त्यांना पोहोचू देऊ नये.