सौरवीज आणि वितळतार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. विजेच्या धोरणाचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता आणि स्वस्त व मुबलक वीज ही देशाच्या औद्योगिकीकरणाची पहिली गरज आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज राज्यभर जाते. तरीही भामरागड-एटापल्लीकडील रानातल्या गावांत पावसाळ्यात तारांवर झाड कोसळले की अंधार लवकर हटत नाही. अशा ठिकाणी शाळा-वसतिगृहांच्या छपरांवर सौर पॅनेल आले, हे योग्यच झाले. मात्र पॅनेलांबरोबर जे नियम यावयास हवे होते, ते सर्वत्र पोचलेले दिसत नाहीत. आम्ही इतिहासाचे अध्यापक खरे. पण ज्या छपराखाली मुले निजतात, त्या छपरावरील विजेचा विषय केवळ विज्ञानशिक्षकांचा मानणे आम्हांस पटत नाही.

वितळतार, म्हणजे फ्यूज, उपकरणाला वाचवते असा समज आहे. वस्तुतः ती वाचवते तारेला. प्रवाह तारेच्या सोसण्यापलीकडे गेला, तर तार तापून आवरण पेटण्यापूर्वी फ्यूज वितळला पाहिजे. म्हणून फ्यूजचे मान नेहमीच्या प्रवाहापेक्षा अधिक आणि तारेच्या वहनक्षमतेपेक्षा कमी असावे लागते.

घरच्या विजेत हे सोपे आहे. तेथे शॉर्टसर्किट झाले की शेकडो अँपिअर धावतात आणि फ्यूज तत्काळ उडतो. सौर पॅनेलचा स्वभाव निराळा. ३३० वॅटचे एक पॅनेल काम करताना साधारण ८.८ अँपिअर देते आणि त्याची दोन टोके थेट जोडली तरी ९.३ च्या आसपासच. म्हणजे पॅनेल स्वतःच्या प्रवाहाने स्वतःचा फ्यूज कधीच उडवू शकत नाही.

मग तो लावायचा कशासाठी? पॅनेले एकापुढे एक जोडून माळ होते. मिस्त्री तिला स्ट्रिंग म्हणतात. अशा चार माळा समांतर जोडल्या आणि एकीत बिघाड झाला, तर उरलेल्या तिन्ही आपला प्रवाह तिच्यात उलटा ओततात : ३ गुणिले ९.३, म्हणजे २७.९ अँपिअर. पॅनेलच्या पाठीवरील पट्टीवर मात्र कमाल फ्यूज १५ अँपिअर असे छापलेले असते. म्हणून येथे प्रत्येक माळेला फ्यूज अनिवार्य. माळा दोनच असतील तर उलटा प्रवाह ९.३ च्या पुढे जात नाही आणि माळेच्या फ्यूजची गरज उरत नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२५४८ सांगते की, फ्यूज शॉर्टसर्किट प्रवाहाच्या दीडपटीहून अधिक, २.४ पटीहून कमी आणि पॅनेलवरील कमाल मर्यादेच्या आत असावा. ९.३ ची दीडपट १३.९५, म्हणून १५ अँपिअर. अमेरिकेची संहिता १.२५ ला पुन्हा १.२५ ने गुणून १.५६ पट धरते. ही सूट कंजुषीने कापण्याजोगी नाही. ढगांच्या फटीतून ऊन पडते तेव्हा ढगांच्या कडांवरून परावर्तित झालेला प्रकाशही पॅनेलवर येतो आणि प्रवाह छापील आकड्यापुढे जातो. शिवाय तो तासन्‌तास वाहत असतो.

त्यात आपला उन्हाळा. चंद्रपुरात पारा ४७-४८ अंशांना भिडतो, तेव्हा पत्र्यालगतच्या पेटीत साठ अंश होणे नवल नाही. पीव्हीसी आवरणाची तार ३० अंशांना जेवढा प्रवाह वाहते, त्याच्या निम्माच ६० अंशांना वाहू शकते. फ्यूजही उष्णतेने अकाली उडतो. मग कोणी तरी त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार पिळून बसवतो. हे दृश्य आम्ही एकाहून अधिक वसतिगृहांत पाहिले आहे. उपाय मोठा फ्यूज नव्हे. पेटी सावलीत हलवणे आणि तार जाड घेणे हा आहे.

खरा धोका मात्र छपरावर नसून बॅटरीच्या खोलीत असतो. पॅनेलचा प्रवाह मर्यादित, बॅटरीचा नाही. इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी शॉर्टसर्किटमध्ये हजार अँपिअरच्या पलीकडे जाऊ शकते. २४ व्होल्टच्या बॅटरीसंचावर १६०० वॅटचा भार असेल, तर ऱ्हास धरून सुमारे ७८ अँपिअर लागतात. त्याची सव्वापट करून १०० अँपिअरचा फ्यूज आणि त्याहून अधिक सोसणारी केबल घ्यावी. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी शक्य तितक्या जवळ हवा, कारण टोक आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणीच राखण नसते.

बाजारात आणखी एक फसगत होते. घरातील प्रत्यावर्ती वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझते. पॅनेल व बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. तिची ठिणगी ज्योतीसारखी जळत राहते. घरगुती एमसीबी तेथे चालत नाही. वस्तूवर ‘डीसी’ आणि पुरेसे व्होल्ट छापलेले असावेत, पॅनेलसाठीच्या फ्यूजवर ‘जीपीव्ही’ हवे. दुकानदार फक्त ‘किती अँपिअर?’ असे विचारतो. आपण व्होल्टही सांगावेत.

भर उन्हात, प्रवाह चालू असताना माळेचा फ्यूज ओढून काढू नये. आधी भार बंद करावा, मग डीसी आयसोलेटर, आणि त्यानंतरच पेटी उघडावी. फ्यूजचे मान, तारेची जाडी व बसवल्याची तारीख पेटीच्या झाकणाच्या आत मराठीत लिहून ठेवावी आणि त्याच मानाचे चार फ्यूज अधीक्षकांच्या कपाटात असू द्यावेत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि मिस्त्री येऊ शकत नाही.